वजन कुठं गेलं

“आणि वजन?” सरांनी विचारलं.

मकरंदचा खडू फळ्यावरच थांबला. समीकरण तर पूर्ण झालं होतं. त्याच्या शेवटी शून्य होतं, आणि शून्यानंतर कोणी काही विचारत नसतं, अशी त्याची समजूत होती.

“वजन जातं, सर.”

“कुठं?”

“म्हणजे... समीकरणात येत नाही.”

“येत नाही, की तू बोलावलं नाहीस?”

मकरंद हसला. पुण्याच्या ऑफिसात साहेबानं विनोद केला की हसायची सवय लागली होती, तसा. सर हसले नाहीत. त्यामुळे त्याचं हसू ओसरीभर हिंडून परत त्याच्याकडेच आलं.

हे सर म्हणजे दयाळगिरी गोसावी. सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात तीस वर्षं त्यांनी कंपनं शिकवली. काय काय थरथरतं, कसं थरथरतं आणि कधी मोडतं, हा त्यांचा विषय. निवृत्त झाले त्याच वर्षी गावातल्या मठाचे जुने गोसावी, म्हणजे त्यांचे चुलते, समाधिस्थ झाले. मठाला उत्पन्न नव्हतं, त्यामुळे गादीला वारसही सापडेना. निवृत्त माणसाला नाही म्हणायला कारण सापडत नाही. सर गादीवर बसले, आणि ओसरीत फळा टांगला. गाव त्यांना बुवा म्हणे. मकरंद भंगाळे त्यांचा विद्यार्थी, म्हणून तो सर म्हणे.

“सर, हे तुम्हीच शिकवलंय,” मकरंद म्हणाला. “पहिल्याच तासाला. जिथं स्थिरावलंय तिथून मोजा, वजन आपोआप जाईल. मी आमच्याकडच्या नव्या पोरांना हेच सांगतो. माझ्या टेबलासमोर लिहून लावलंय.”

“माझ्या नावानं?”

“हो, सर.”

“अरे अरे...” सर म्हणाले आणि चहाचा घोट घेतला.

प्रकरण रथाचं होतं.

तापीकाठच्या चिंचखेडीचा मुरलीधराचा रथ तीन मजली. सगळा सागवानी. देव सर्वांत वरच्या मजल्यावर बसतो, म्हणजे खालच्या माणसांना त्याचं दर्शन घेताना मान दुखावी एवढ्या उंचीवर. गेल्या वर्षी नाल्यावरच्या मोरीशी रथाला असा दणका बसला, की मुरलीधराचा मुकुट उडून थेट गर्दीत पडला. त्यानंतर वर्षभर गावात ज्याच्या घरी जे वाईट झालं, ते सगळं त्या मुकुटाच्या नावावर गेलं. केळीवर रोग पडला, मुकुट. कोणाचं लग्न मोडलं, मुकुट.

तेव्हा रथसमितीला आपल्या गावचा मकरंद आठवला.

मकरंद पुण्यात मोटारी बनवणाऱ्या कंपनीत होता. गाडी खड्ड्यातून गेली तरी आत बसलेल्याच्या हातातला चहा हिंदकळू नये, एवढ्यासाठी कंपनी त्याला पगार देई. तो आला, रथाला टेप लावला, आणि म्हणाला, स्प्रिंग बसवू. आस आणि सांगाडा यांच्यामधले सागाचे ठोकळे काढून तिथं चांगल्या मऊ स्प्रिंग बसल्या. रिकामा रथ देवळाच्या अंगणात ओढून पाहिला, तर तो हत्तीसारखा संथ डुलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वेशीवर फ्लेक्स लागला: ‘देवाचा प्रवास आता सुखाचा’. त्यावर मुरलीधराचा फोटो होता, आणि मकरंदचा त्याहून थोडा मोठा होता.

एकादशी उद्या होती.

पण चिंचखेडीत रथ समितीच्या हुकमानं हलत नाही. चाकाखाली जी लाकडी पाचर देतात तिला मोगरी म्हणतात, आणि पहिली मोगरी मठाच्या गोसाव्यानंच काढायची, असा रिवाज आहे. समितीचे अध्यक्ष दिनकरअप्पा नेहेते आमंत्रण घेऊन आले, तेव्हा बुवा म्हणाले होते, “येईन. आधी मकरंदला समीकरण घेऊन पाठव.”

अप्पांना वाटलं, समीकरण म्हणजे स्प्रिंगांचं बिल असावं.

“एका झोक्याला किती वेळ लागतो?” सरांनी विचारलं.

“दोन सेकंद. समीकरणाप्रमाणे.”

“आणि रथाप्रमाणे?”

मकरंदनं खडू एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

“चार... जवळजवळ.”

“हं.”

“ते काय आहे सर, लाकूड जुनं आहे. सांधे सैल झालेत. घर्षण आहे. प्रत्यक्षात थोडाफार फरक पडतोच.”

“म्हणजे चूक लाकडाची.”

“चूक असं नाही...”

“तुझ्या पणजोबांच्या वेळचं सागवान आहे ते. बोलता येत नाही, म्हणून ऐकून घेतं.”

मकरंदच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. कॉलेजात या माणसाच्या पेपरात तो वर्गात पहिला आला होता. कंपनीत त्याच्या समीकरणांवर गाड्या धावत होत्या. आणि इथं एका गोसाव्याच्या ओसरीत, शेणानं सारवलेल्या जमिनीवर, त्याला उभं राहून तोंडी परीक्षा द्यावी लागत होती.

“सर, स्पष्टच सांगा ना. कुठं चुकलंय?”

“चित्र सुरेख आहे,” सर म्हणाले.

फळ्यावर रथाचं चित्र होतं. चाकं, स्प्रिंग, तीन मजले, कळस. रेघा अशा सरळ की ओळंबा लावून घ्याव्यात.

“थँक्यू, सर.”

“रथ सरळ उभा आहे.”

“हो.”

“अगदी सरळ.”

“हो, सर.”

“मग समीकरण कशाचं लिहिलंस?”

प्रश्न मकरंदला कळला नाही, आणि कळला नाही हे सांगायचं वय गेलं होतं.

सर उठले. कोपऱ्यात चुलत्यांचा दंड होता, पुरुषभर उंचीचा, टोकाला दोरीचा फास असलेला. त्यांनी तो फासानं खुंटीला टांगला आणि बोटानं किंचित ढकलला. दंड इकडून तिकडे गेला, तिकडून इकडे आला.

“कोण परत आणतं?”

“वजन,” मकरंद म्हणाला. हा प्रश्न शाळेतला होता.

सरांनी दंड खुंटीवरून काढला, त्याच्याकडे आले, आणि म्हणाले, “हात.”

मकरंदनं हात पुढे केला. सरांनी तोच दंड त्याच्या तळहातावर उभा ठेवला आणि सोडून दिला.

दंड कलला. मकरंद पुढे सरकला. दंड दुसरीकडे कलला. मकरंद तिकडे धावला. खांबाला खांदा लागला, पाय चटईत अडकला, पण दंड पडू द्यायचा नाही असा त्याचा पण झाला होता. सर आपल्या जागी बसून उरलेला चहा पीत होते.

“सर... किती वेळ?”

“तू म्हणशील तितका.”

आणखी दोन फेऱ्या झाल्या. मग दंड त्याच्या बोटांवरून निसटला आणि पितळी लोट्यावर आदळला. लोटा घरंगळत फळ्यापर्यंत गेला. मकरंदनं तो ओळखला. पहिल्या तासाला सरांनी स्प्रिंगला टांगला होता, तोच तो.

“कोणी पाडलं?” सरांनी विचारलं.

हवा होती, असं मकरंदच्या तोंडाशी आलं होतं. त्यानं ते गिळलं.

“मी लोटा टांगला होता,” सर म्हणाले.

एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. जप चालू होता की झोप लागली, ते सांगता येण्यासारखं नव्हतं.

लोटा टांगलेला होता; रथ तळहातावरच्या दंडासारखा उभा होता, हे मकरंदच्या आत्ता ध्यानात आलं. मग त्यानं फळा पुसला. सगळा.

सरांचा एक नियम त्याला आठवला. वर्गात तो रोज ऐकला होता, आणि रोज ऐकल्यामुळेच विसरला होता. समीकरण लिहिण्याआधी वस्तूला थोडं ढकला. मग जे जे बळ तिला लागलं असेल त्या प्रत्येकाला विचारा, बाबा रे, आता तू काय करतोस?

त्यानं रथ पुन्हा काढला. या वेळी कललेला. वाकडं चित्र मुद्दाम काढायची ही त्याची पहिलीच वेळ होती, आणि सरळ काढण्यापेक्षा ते जड गेलं.

कललेल्या रथाच्या एका बाजूच्या स्प्रिंग दबल्या, दुसऱ्या बाजूच्या सैल झाल्या. त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, आम्ही मागे आणतो. ते त्यानं मघाशीही लिहिलं होतं. मग त्यानं वजनाचा बाण काढला, वरून सरळ खाली. रथ सरळ उभा होता तेव्हा हा बाण बरोबर मधोमध उतरत होता आणि कोणाच्या अध्यात ना मध्यात. आता तो मधून बाजूला पडला होता. त्याला विचारलं, तू काय करतोस?

मी आणखी पुढे नेतो, वजन म्हणालं.

मकरंदनं कंस काढला. कंसात आधी स्प्रिंगांचं काम लिहिलं. त्यापुढे वजाचं चिन्ह. त्यापुढे वजन, गुणिले उंची.

कंस पुरा करताना खडू मोडला. त्यानं तुकडा उचलला आणि तसाच पुढे गेला. आता थांबायचं नव्हतं. लाज वाटायला संध्याकाळ मोकळी होती.

झोका दोनाऐवजी चार सेकंदांचा. वेळ दुप्पट, म्हणजे कंसातला जोर पाव. स्प्रिंगांचे चार हिस्से धरले तर त्यांतले तीन वजनानं खाल्ले होते, आणि तेही रथ रिकामा असताना. ज्या संथ डुलण्यावर टाळ्या पडल्या, तो सुखाचा झोका नव्हताच. परत यावं की नाही, याचा रथ दर वेळी विचार करत होता.

आणि उद्या? उद्या वरच्या मजल्यावर मुरलीधर. त्याचं चांदीचं मखर. दोन पुजारी, दोन चवरीवाले. केळीचे खांब, उसाच्या मोळ्या, प्रसादाची पोती. सगळं वर, कारण खाली ठेवलं तर देवाचा अपमान होतो.

त्यानं ते सगळं वजनात मिळवलं. पुन्हा तपासलं. उंची बदलून पाहिली. स्प्रिंगांना त्यांच्या बाजूनं जेवढी सवलत देता येईल तेवढी दिली. कंसाचं उत्तर दर वेळी ऋणच आलं.

“सर.”

सरांनी डोळे उघडले.

“हा डुलणार नाही.”

“मग?”

“एकदा कलला की... जाईल.”

“कुठं?”

मकरंदनं गल्लीकडे पाहिलं. रथाची वाट मठावरूनच होती. दोन्ही बाजूंचे ओटे आत्ताच धुतलेले दिसत होते. उद्या सकाळपासून बायका तिथं आरत्या घेऊन बसणार होत्या. त्याची आईही बसणार होती. जागा धरायला ती सतरंजी टाकून गेली होती.

“दोन्ही बाजूंना माणसं असतात, सर.”

मकरंदनं खडू ठेवला. हात झटकले.

“मी सांगू अप्पांना?” सरांनी विचारलं.

“नाही. मी सांगतो.”

सरांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

सांगायला लांब जावं लागलं नाही. अप्पा स्वतःच दारात आले. नवं धोतर, कपाळाला बुक्का, हातात पत्रिकांचा गठ्ठा.

“बुवा, मोगरी किती वाजता काढायची ते नक्की करा. आमदारांच्या गाडीला वेळ कळवायचीय. काय मकरंदभाऊ, झालं का समीकरण? पास का नापास?”

“नापास, अप्पा. स्प्रिंग काढाव्या लागतील.”

अप्पा हसले. मग कोणीच हसत नाही असं पाहून थांबले.

“का?”

“देव वर बसला की रथ उलटेल.”

“अरे, परवा तर मस्त डुलत होता!”

“म्हणूनच.”

“बुवा, हा काय म्हणतो?”

“त्याला विचार,” सर म्हणाले. “रथ त्यानं केलाय.”

“अप्पा, माझी चूक झाली,” मकरंद म्हणाला. त्याला वाटलं होतं तेवढं हे वाक्य लांब नव्हतं. “समीकरणात वजन धरायचं राहिलं.”

अप्पांनी फळ्याकडे पाहिलं. मग समजूत घालायच्या सुरात म्हणाले, “चूक समीकरणात आहे ना? मग समीकरण दुरुस्त कर. रथाला कशाला हात लावतोस?”

“समीकरण दुरुस्त केलंय, अप्पा. तेच सांगतंय.”

“पत्रिका वाटल्यात! स्प्रिंगवाला रथ म्हणून शेजारच्या गावांतून माणसं येतायत. आणि पुन्हा मुकुट पडला म्हणजे? मक्या, तुझ्या बापानं कधी माझ्यापुढे मान वर केली नाही रे...”

मकरंदभाऊचा मक्या व्हायला एवढाच वेळ लागला.

“मुकुट पडणार नाही,” मकरंद म्हणाला. “मुकुटाला दोन बाजूंनी रेशमी गोफ बांधा आणि मागून मखराला आवळा.”

अप्पांनी मनातल्या मनात मुकुट बांधून पाहिला. मग म्हणाले, “हे आधीच का नाही सुचलं तुला?”

“तेव्हा मला स्प्रिंग सुचल्या होत्या.”

सर खोकले. खोकलाच असावा.

“आणि मी नाही म्हटलं तर?” अप्पांनी शेवटचा खडा टाकून पाहिला. “समिती माझी आहे.”

“तर उद्या चाकापुढे मी आडवा पडेन. मोगरीसारखा.”

हे त्यानं आवाज न चढवता सांगितलं, त्यामुळे अप्पांना ते खरं वाटलं.

त्या दुपारी देवळाच्या अंगणात गावानं एक तमाशा फुकट पाहिला. पुण्याचा इंजिनिअर इस्त्रीच्या शर्टासकट रथाखाली उताणा पडला होता. जॅक लागले. एकेक स्प्रिंग बाहेर आली. जुने ठोकळे शोधले, तर त्यांतले दोन आचाऱ्यानं प्रसादाच्या चुलीत घातले होते. सुतार बोलावला, नवे कापले.

“साहेब पाना शोधतायत का तोंड लपवायला जागा?” ओट्यावरून कोणीतरी विचारलं.

“पाना,” रथाखालून उत्तर आलं. “तोंडाचं नंतर बघू.”

शेवटचा ठोकळा ठोकून बसवेपर्यंत तो बाहेर आला नाही. आला तेव्हा शर्टाचा रंग कोणता होता हे त्यालाही आठवेना. त्यानं दहा-बारा जणांना रथाला एका बाजूनं रेटायला लावलं. रथानं चटकन एक हिसका दिला आणि जागच्या जागी उभा राहिला. हादरा म्हणजे परत आणणारा जोर शाबूत. मकरंद समाधानानं मान हलवून वेशीकडे गेला आणि शिडी लावून फ्लेक्स उतरवला. मुरलीधराचा फोटो त्यानं कापून पुजाऱ्याला दिला. उरलेल्या भागाचं पुजाऱ्यानं सरपणावर आच्छादन केलं.

एकादशीला सकाळी सर दंड टेकत आले. रथ सजला होता. वर मुरलीधर बसला होता, गोफ आवळलेला मुकुट घालून, किंचित अवघडल्यासारखा. दोराला दीडशे माणसं लागली होती. सगळ्यांचे डोळे पहिल्या मोगरीवर होते.

सर चाकाजवळ उभे राहिले. मोगरीला हात लावेनात.

“बुवा, मुहूर्त...” अप्पा कुजबुजले.

“मकरंद कुठं आहे?”

मकरंद गर्दीच्या मागे, आईच्या सतरंजीजवळ उभा होता. वाट करून पुढे आला.

“वर चढ,” सर म्हणाले.

“मी? सर, वर पुजारी...”

“वर.”

मकरंद चढला. पहिला मजला, दुसरा, तिसरा. मुरलीधराच्या शेजारी, चवरीवाल्यांच्या मधे, खांबाला धरून उभा राहिला. तिथून सगळं गाव दिसत होतं, आणि सगळ्या गावाला तो दिसत होता. स्प्रिंगवाला इंजिनिअर. खाली कोणीतरी फिसकन हसलं. त्यानं खांब आणखी घट्ट धरला आणि खाली पाहायचं टाळलं नाही.

सरांनी वाकून मोगरी काढली.

जयजयकार झाला. दोर ताणले. रथ कण्हला, हलला आणि खडखडत मोरीवर आला. हाडं जागची हलावीत असा दणका बसला. मकरंदचे दात एकमेकांवर आपटले. केळीचे खांब थरथरले. मुकुट जागेवर राहिला.

“थांबवा!” सर म्हणाले.

चाकांखाली मोगऱ्या पडल्या. रथ थांबला. दीडशे माणसं मागे वळून पाहू लागली. अप्पांनी कपाळाला हात लावला.

सरांनी मान वर केली.

“काय रे? कसं वाटतंय?”

“हादरतोय, सर!” मकरंद वरून ओरडला. “फार हादरतोय!”

ओट्यांवरच्या बायकांच्या हातांतल्या आरत्या तशाच राहिल्या...

“छान,” सर म्हणाले. “ओढा.”